बीआरसीए टू आणि तू

जेलरोड, नाशिकरोड

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

माझ्या कॅन्सरमागचा बीआरसीए टू जनुकातला दोष तुझ्यातही आहे का ते तपासून घे म्हटलं, तर "आई, हा बायकांचा आजार आहे," म्हणून तू फोनवर विषय उडवलास. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

बीआरसीए टू हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं, आणि ते गुणसूत्र बायकांसारखंच पुरुषांतही असतं. माझ्याकडच्या दोन प्रतींपैकी बिघडलेली तुझ्या वाट्याला आली असण्याची शक्यता निम्मी. ताईचीही तेवढीच. मला ती माझ्या वडिलांकडून, नानांकडून आली असणार. माझ्या आत्याच्या पोटात पाणी झालं, नाना प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. तिचं बायकांचं दुखणं ठरलं, त्यांचं म्हातारपण. दोन्हींचा संबंध कुणी लावला नाही. (कुणाच्या बारशाला कुणी काय आहेर केला, ते मात्र आपल्या घरात सगळ्यांना पाठ.)

डीएनएचे दोन्ही धागे आरपार तुटतात तेव्हा या जनुकाचं काम लागतं. आम्ही प्रेसमध्ये फाटका ताव सरळ रद्द करायचो. पेशीला ती चैन नाही. बीआरसीए टू प्रथिन रॅड फिफ्टीवन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला तुटल्या जागी आणून बसवतं, मग शेजारच्या जुळ्या प्रतीवर बघून जसंच्या तसं सांधलं जातं. ते नसलं की पेशी टोकं कशीबशी चिकटवून मोकळी होते. मधला मजकूर गळतो, एका गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला जाऊन लागतो. असं साचत गेलं की कधीतरी कॅन्सर होतो. एक चांगली प्रत असेपर्यंत काम भागतं. माझ्या गाठीतल्या पेशींनी तीही घालवली.

आणि त्यावरच माझी गोळी चालते. ओलापॅरिब, सकाळी दोन, रात्री दोन. एका धाग्याचे बारीक तुटवे सांधणाऱ्या पार्प नावाच्या प्रथिनाला ती अडवते. ते तुटवे पेशी दुप्पट होताना मोठे होतात, दोन्ही धागे तुटतात. माझ्या चांगल्या पेशी निभावतात, गाठीतल्या मरतात. 2005 साली हे प्रयोगशाळेत दिसलं आणि 2014 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. तोंडाची चव जाते, हिमोग्लोबिन उतरतं, पण गोळी घेऊन मी दोन वेळचा स्वयंपाक करते, हे तू बघितलंयस.

दोष निघाला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. पण तुला चाळिशीपासून प्रोस्टेटवर लक्ष ठेवावं लागेल, आणि पुढे तुझ्या मुलांचाही प्रश्न आहेच. मामी म्हणाली, लग्न ठरेपर्यंत वाच्यता नको. मला ते अजिबात पटलेलं नाही. जिच्याशी लग्न करशील तिला आधी सांग. पत्रिकेपेक्षा हा कागद कामाचा आहे.

आधी जेनेटिक काउन्सेलरला भेट. माझ्यातला नेमका बदल माहीत असल्यामुळे तुझ्या रक्तात तेवढाच शोधायचा, सगळं जनुक वाचायची गरज नाही. रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे. पेनाने खूण केलेली ओळ त्यांना दाखव. मूळ फाइल हवी असली तर पंचवटी एक्सप्रेसने येशील तेव्हा ने, पण परत आण. रक्ताच्या तपासणीला (सीबीसी) जाताना मला ती दर महिन्याला लागते.

तुझी
आई