खड्डा कडेने उखडतो, साहेब

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर म्हणून माझी २८ वर्षं गेली. आता घरीच असतो. गॅलरीतून एक खड्डा दिसतो, तो या पावसाळ्यात तीनदा भरला गेला. तिसऱ्या वेळी मी खाली उतरलो. टेम्पोतून दोन पोरं आली. खड्ड्यातलं पाणी खराट्याने उडवलं, घमेल्याने माल ओतला, फावड्याच्या पाठीने चोपला, वरून टेम्पोचं चाक फिरवलं आणि मोबाइलवर फोटो काढला. मी म्हटलं, "अरे, कडा तरी चौकोनी कापा, टॅक मारा." टॅक म्हणजे नवा माल जुन्या थराला चिकटावा म्हणून आधी मारायचं पातळ डांबर. पोरगा म्हणाला, "काका, कटर दिलाच नाही आम्हाला." पाचव्या दिवशी सगळी खडी गटाराच्या तोंडाशी.

पोरांना काय बोलणार? खड्डा भरला तरी कडेचा सांधा तसाच राहतो. जुना थर गार, नवा माल गरम. बऱ्याचदा तोही पोत्यातला, गारच. दोघे एकमेकांना नुसते टेकतात. त्या फटीत पाणी शिरतं, वरून एसटीचं चाक गेलं की ते पाणी दाबाने खडीवरचं डांबर सोडवतं. मग पॅच अख्खाच्या अख्खा निघतो.

इन्फ्रारेड हीटरने ही फटच राहत नाही. गॅसवर चालणारं लालभडक तापलेलं पॅनेल खड्ड्यावर आणि भोवतीच्या चांगल्या रस्त्यावरही धरतात. ज्वाळा डांबराला लागत नाही, नुसती धग लागते. साधारण सात-दहा मिनिटांत वरचा पाच सेंटिमीटरचा थर मऊ पडतो. मग दाताळ्याने तो उकरायचा, वाळलेल्या जुन्या डांबरात जान आणणारं द्रव्य शिंपडायचं, कमी पडेल तेवढाच ताजा गरम माल घालायचा आणि रोलर फिरवायचा. जुनं-नवं एकाच तापमानाला दबतं, म्हणून सांधा उरत नाही. उखडलेला मालही तिथेच कामी येतो. अमेरिका-कॅनडात हे काम वर्षानुवर्षं चाललंय. आमच्या भागातल्या निविदा मी अजून सवयीने वाचतो. एकीतही ही बाब दिसली नाही.

मात्र हे मशीन आणून हारतुरे घालून सगळीकडे पळवू नका, ही हात जोडून विनंती. खालची खडीच बसली असेल, पाइपलाइनच्या चरामुळे भराव खचला असेल, तिथे वरून कितीही शेका, उपयोग शून्य. तिथे खोदूनच काम करावं लागतं. साचलेलं पाणी आधी काढायलाच हवं. काँक्रीट रस्त्याला तर हे लागूच नाही. आणि घाई करून जास्त तापवलं तर डांबर जळतं. निळसर धूर दिसला की समजायचं, तो पॅच ठिसूळ झाला.

अधिकारी सांगतील, मशीन महाग आहे. असेलही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये द्यायला सांगितलंय. तोही हिशोब त्याच कागदावर मांडा.

माझं मागणं लहान आहे. एका जिल्ह्यातला एकच वर्दळीचा डांबरी रस्ता निवडा. मे महिन्यात निम्मे खड्डे नेहमीच्या पद्धतीने कडा कापून, टॅक मारून, नीट भरा, निम्मे इन्फ्रारेडने. प्रत्येकावर रंगाने नंबर टाका आणि दिवाळीनंतर मोजा. ठेकेदाराचं निम्मं बिल त्या मोजणीपर्यंत थांबवा. बिल थांबलं की कटर कुठून तरी येतोच, हे अनुभवाने सांगतो.

आणि मशीनबरोबर एक थर्मामीटर द्या. नंतर "तो गाडीत नाही" असं ऐकायला नको.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर