माशांच्या खाण्याचा डबा कपाटात लपवून जा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीवर जाताना घरातल्या प्राण्यांचं काय करायचं यावर तुमच्या पुरवणीत पानभर लेख आला होता, आवडीने वाचला. कुत्र्याला अर्धं पान, मांजरीला पाव, कुंडीतल्या झाडांनासुद्धा एक चांगला परिच्छेद, आणि माशांच्या वाट्याला एक ओळ, की शेजाऱ्यांना रोज चिमूटभर खाणं टाकायला सांगावं. त्या एका ओळीसाठी हे पत्र, कारण नेमकं तेच करून माझे दोन मासे गेलेत.

माझ्याकडे पी पफर आहेत. पश्चिम घाटातल्या नद्यांमधला मासा, मोठा झाला तरी जेमतेम इंचभर, आणि डोळे असे की दोन्ही वेगवेगळ्या दिशेला फिरतात. खाण्याच्या बाबतीत महा नखरेल. फ्लेक्स (पापुद्र्यांसारखं कोरडं खाणं) टाका, दाणे टाका, जवळ येऊन बघणार आणि तोंड फिरवून निघून जाणार. त्याला हलणारं काहीतरी पाहिजे, छोट्या गोगलगायी, डॅफ्निया म्हणजे पाण्यातले टिचके जीव, फार तर फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) चिमट्याने हलवून दाखवलेले. तर पहिल्यांदा आठ दिवस बाहेर गेलो तेव्हा शेजारच्या काकूंना सांगितलं की ब्लडवर्मचा एक बारका तुकडा दिवसाआड टाका, आणि फ्रीझर उघडायला किळस वाटली तर हा फ्लेक्सचा डबा ठेवलाय. हा माझा गाढवपणा. फ्रीझरमधले किडे बघून काकूंनी डबा धरला (त्यांना मी काय बोलणार, मी पण पहिल्यांदा बघितले तेव्हा पाकीट परत आत ढकललं होतं). पफर फ्लेक्स खाईनात. काकूंना वाटलं मालक गेल्यामुळे रुसलेत, म्हणून दुपारी परत टाकले, रात्री परत टाकले. मी फोनवर विचारलं खातायत का, तर म्हणाल्या हो, काचेला येऊन बघत बसतात. पफर सगळ्यांनाच काचेला येऊन बघत बसतो हो, पोट भरलेलं असलं तरी.

परत आलो तर पाणी दुधासारखं, वाळूवर फ्लेक्सचा बुरशी आलेला थर, दरवाजा उघडल्या उघडल्या वास. अमोनियाची टेस्ट केली, नळीत पिवळा रंग यायला पाहिजे तर गडद हिरवा आला. चारातले दोन गेलेले, उरलेले दोन पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते.

होतं असं की न खाल्लेलं कुजतं, त्यातून अमोनिया सुटतो, मासे स्वतः कल्ल्यांवाटे सोडतात तो वेगळाच. फिल्टरच्या स्पंजमधले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांची संख्या रोजच्या कचऱ्याला पुरेल एवढीच असते, एकदम चौपट माल आला की ते काय करणार. वर कुजवणारे जंतू पाण्यातला ऑक्सिजन पण ओढतात. पीएच आणि तापमान चढं असेल तर तेवढाच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणजे माझे मासे भुकेने मेलेच नाहीत, त्यांनी ज्याला तोंडही लावलं नाही त्या खाण्याने मेले.

आणि चिमूट म्हणजे कुणाची चिमूट? माझी दोन बोटांची, काकूंची पाच बोटांची, त्यांच्या नातवाची तर मूठच. खरं सांगायचं तर धडधाकट, मोठ्या झालेल्या बहुतेक माशांना आठवडाभर काही नाही टाकलं तरी काही होत नाही. त्यांना आपल्यासारखं अंग गरम ठेवायला खाणं जाळावं लागत नाही, शेवाळ, पाण्यातले बारीक जीव असं काहीबाही टिपत राहतात, आणि न खाल्ल्याने पाणीही साफ राहतं. चार दिवस जाणार असाल तर कुणाला काही सांगूच नका. पिल्लं असतील, मासा आजारातून उठलेला असेल किंवा पोट आत गेलेलं दिसत असेल तर मात्र हे चालणार नाही, तिथे माणूसच लागतो.

हॉलिडे ब्लॉक म्हणून खडूसारखा पांढरा ठोकळा मिळतो, पाण्यात विरघळत जातो आणि आतलं खाणं सुटत जातं. नखरेल मासा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, मग उरतं ते कुजणारं खाणंच, म्हणजे काकूच पण प्लास्टरच्या. ऑटोफीडर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारं यंत्र, बरा, पण टाकीतली वाफ त्याच्या तोंडात शिरून फ्लेक्सचा लगदा होतो, मग एकतर काही पडत नाही नाहीतर सगळं एकदम पडतं, म्हणून त्यात कोरडे दाणे भरायचे आणि निघायच्या आधी आठवडाभर घरी असतानाच चालवून बघायचा. फ्रोझन त्यात ठेवता येत नाही हे उघड आहे, आणि नखरेलांची गाडी नेमकी तिथेच अडते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नखरेल माशाची तयारी निघायच्या आदल्या रात्री होत नसते, महिना-दीड महिना आधी सुरू करावी लागते. डिस्कस जातीचे नखरेल मासे पाळणाऱ्या एका मित्राने फ्रोझन खाण्यामध्ये बारीक दाणे मिसळून, दर दोन-चार दिवसांनी दाण्यांचं प्रमाण वाढवत त्यांना वळण लावलं, मधे एक दिवस उपाशी ठेवून, आता ते ऑटोफीडरचं खातात. रात्री खाणारे मासे असतील, नाइफफिश, काही कॅटफिश, तर सकाळी टाकलेलं बाकीचेच फस्त करतात, त्यांच्यासाठी लाइट गेल्यावर टाकणारं कुणीतरी पाहिजे. समुद्री घोडा ज्याच्याकडे आहे त्याने तर माझं वरचं उपासाचं बोलणं विसरूनच जावं, त्याला जठरच नसतं, दिवसातून दोन-तीनदा खायला लागतं, त्याच्यासाठी शिकवलेला माणूस ठेवा नाहीतर सुट्टीच पुढे ढकला.

मी पुढच्या वेळी काय केलं तर दोन महिने आधी एका बरणीत पाणवनस्पती टाकून गोगलगायी वाढवल्या, आपोआप वाढतात, थांबवायच्या कशा हाच प्रश्न पडतो. पण सगळ्या एकदम टाकायच्या नाहीत, पफर भूक नसली तरी मारत सुटतो आणि अर्धवट खाल्लेल्या कुजतात, परत तेच. म्हणून मॉस या बारीक पाणवनस्पतीचा मोठा गुंता टाकीत सोडून थोड्या बारक्या त्यात आधीच मुरू दिल्या, की बाहेर येईल ती खाल्ली जाईल. दोन दिवस आधी पाव टाकी पाणी बदललं, फिल्टरला हात लावला नाही, लाइट टायमरवर सहा तास. फ्लेक्सचा डबा कपाटात, कपाटाला कुलूप. आठवड्याच्या गोळ्यांची डबी असते ना कप्प्यांची, त्यात ब्लडवर्मचे तुकडे करून फ्रीझरात ठेवले, सातातले फक्त दोनच कप्पे भरलेले आणि त्यांवर मोठ्या अक्षरात वार लिहिलेला, म्हणजे पाकीट उघडायला नको आणि अंदाज पण लावायला नको. काकूंना सांगितलं की बाकीच्या दिवशी फक्त फिल्टर चालू आहे का आणि थर्मामीटरवर किती दिसतंय एवढं बघा, खायला घालायचं नाही, कितीही बघितलं तरी नाही.

त्या थोड्या नाराज झाल्या. नऊ दिवस रोज फोटो पाठवत होत्या, काचेला नाक लावलेला एक पफर आणि खाली ओळ, "हा बघ, आज पण माझ्याकडे बघतोय रे". आम्ही परत आलो तेव्हा पाणी स्वच्छ, वाळूवर रिकामे शंख, दोघंही काचेला.

आपला,
एक मासेवेडा वाचक

ता.क. पत्र छापलंत तर पुरवणीतल्या त्या ओळीखालीच छापा, लोक ती कात्रण करून शेजाऱ्यांना देतात.