शिक्षणमंत्री महोदय, आमच्या वर्गाचे आठ टॅब परत द्या

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गाला शिकवते. शिक्षिका म्हणून माझे हे बाविसावे वर्ष आहे आणि इतक्या वर्षांत मी कोणत्याही मंत्र्यांना पत्र लिहिलेले नाही. आज लिहीत आहे, कारण गेल्या शुक्रवारी मधल्या सुटीनंतर माझ्या वर्गातले आठही टॅब, ज्यांवर मुले मी तयार केलेले लहान व्हिडिओ पाठ पाहत होती, काढून नेण्यात आले. ‘पुनर्वाटपासाठी तात्काळ जमा करावेत’ एवढेच कारण पत्रात होते. ते पत्र गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी टॅब गेले. वर्गाच्या गळक्या छपराविषयी मी केलेला अर्ज दोन पावसाळे टेबलावर पडून आहे. मुलांना काही द्यायचे असते तेव्हा वर्षे लागतात आणि त्यांच्याकडून काढून घ्यायचे असते तेव्हा एक रात्र पुरते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा प्रवेशोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्हाला सांगण्यात आले होते की, दिवाळीपूर्वी शाळेला वीस टॅब मिळतील आणि ‘प्रत्येक मूल स्वतःच्या गतीने शिकेल’. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मीही वाजवल्या होत्या. दिवाळी गेली, गड्ड्याची यात्रा उरकली आणि त्यानंतर वीसऐवजी आठ टॅब आले. आम्ही एका शब्दानेही तक्रार केली नाही. आठांत भागवायचे कसे, हे शिकलो आणि ते चांगले जमलेही होते.

त्याच पत्रात आणखी एक सूचना आहे आणि टॅब जाण्यापेक्षा तिनेच मला अधिक दुखावले आहे. यापुढे ठरवून दिलेला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ संपूर्ण वर्गाला एकाच वेळी मोठ्या पडद्यावर दाखवायचा, मुले तो पाहत असल्याचे जिओटॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले दोन फोटो काढायचे आणि त्याच दिवशी लिंक, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरायची. शिक्षकांनी स्वतः तयार केलेले व्हिडिओ वर्गात वापरू नयेत, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. महोदय, लहान व्हिडिओ पाठाचा सगळा उपयोग एका गोष्टीत आहे. तो थांबवता येतो, मागे नेता येतो आणि हे करणारे बोट मुलाचे असते. एकेचाळीस मुलांसमोर एकच पडदा लावला की ते बोट कामातून जाते. मग मूल पुन्हा तिथेच येऊन बसते, जिथे ते फळ्यासमोर बसत होते; त्याला न समजलेले वाक्य मागे राहते आणि पाठ पुढे निघून जातो.

माझ्या एकेचाळीस मुलांपैकी सतरा जणांच्या घरी तेलुगू बोलतात, नऊ जणांच्या घरी कन्नड आणि चौघांच्या घरी उर्दू. उरलेल्या अकरा जणांची मराठीसुद्धा पुस्तकातल्या मराठीशी जुळतेच असे नाही. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर आहेत आणि आई विड्या वळते. माझ्या वर्गात दिवसातून अनेकदा ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘मल्ली चेप्पंडी, टीचर’, म्हणजे पुन्हा सांगा. मी एकदा सांगते, दुसऱ्यांदा सांगते. तिसऱ्यांदा विचारायला मूल लाजते आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तिसऱ्यांदा सांगायला माझ्याकडे वेळही उरलेला नसतो. टॅबवरच्या पाठाला ते मूल दहा वेळा ‘मल्ली’ म्हणू शकत होते आणि शेजारच्या कोणालाही ते कळत नव्हते.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण माझे म्हणणे त्यातच आहे. सममूल्य अपूर्णांकांचा माझा पाठ चार मिनिटे दहा सेकंदांचा आहे. त्यात माझा चेहरा दिसत नाही. माझे दोन हात दिसतात आणि आपल्या सोलापुरातच विणलेला एक पांढरा टॉवेल दिसतो. टॉवेलाची एक घडी घातली की निम्मा, त्यावर आणखी एक घडी घातली की पाव, आणि उघडून पाहिले की एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश यांनी तेवढीच जागा व्यापलेली असते. मी मुलांना अशी सवय लावली आहे की, पाठ पाहताना जिथे अडेल तिथली वेळ वहीच्या समासात लिहून ठेवायची. एका मुलाच्या समासात २:१० ही वेळ लिहिलेली होती आणि तिच्यापुढे त्याने सात उभ्या रेघा मारल्या होत्या, म्हणजे तो सात वेळा तिथून मागे गेला होता. मी तो पाठ लावून पाहिला. त्या क्षणी मी म्हणत होते, ‘छेद मोठा झाला.’ त्यावरून त्या मुलाने अपूर्णांकच मोठा झाला असे धरले होते. आठ हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून एक अष्टमांश एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असा त्याचा हिशोब होता. ही समजूत तो किती वर्षे बाळगून होता कोण जाणे. उत्तरपत्रिकेवरच्या लाल फुलीने ती कोणालाही दिसली नसती. मी खरा टॉवेल आणला, त्याचे चार आणि मग आठ भाग घडी घालून दाखवले आणि अंघोळीनंतर अंग पुसायला यातला कोणता तुकडा घेशील, असे विचारले. त्याने पाव टॉवेलावर हात ठेवला आणि तो स्वतःच हसला.

त्या रात्री मी तेवढीच वीस सेकंदे पुन्हा चित्रित केली. ‘तुकडे जास्त झाले, म्हणून प्रत्येक तुकडा लहान झाला,’ असे वाक्य घातले. तेच वाक्य तेलुगूत आणि कन्नडमध्ये दोन मुलांच्या आयांकडून म्हणवून घेतले आणि पाठाला जोडले. कार्यालयातून आलेल्या चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत अशी दुरुस्ती कोण करणार आहे? त्यात कोणते मूल कोठे अडले, हे तो तयार करणाऱ्याला कधी कळणार आहे?

आठ टॅबांवर वर्ग चालायचा तो असा: आठ मुले पाठ पाहायची, काही जण उदाहरणे सोडवायचे, काही जण जोडीने वाचायचे आणि मी चार-पाच मुलांना घेऊन खाली सतरंजीवर बसायची. त्या सतरंजीसाठी हा सगळा खटाटोप होता. व्हिडिओ शिक्षकाची जागा घेतो, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. जे बोलणे मला रोज एकेचाळीस जणांसमोर करावे लागते ते व्हिडिओने केले की मी एका मुलाजवळ बसू शकते, एवढेच त्याचे काम आहे आणि ते फार मोठे काम आहे.

हे पाठ कसे तयार झाले, तेही आपल्याला कळावे. तीन वर्षांत मी एकशे सोळा पाठ केले. शेजारचे माग बंद झाल्यावर, म्हणजे रात्री उशिरा, स्वयंपाकघरात पंखा बंद करून मी ते चित्रित करीत असे. एप्रिलमध्ये सोलापुरात पंखा बंद करून बसणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पाण्याची पाळी असेल त्या रात्री चित्रीकरण होत नसे, कारण चार-पाच दिवसांनी येणारे पाणी आधी भरून घ्यावे लागते. माइक आणि फोनचा स्टँड मी माझ्या पगारातून घेतला. वीजबिल थकल्यामुळे शाळेची वीज दोन महिने तोडलेली होती, तेव्हा मी आठ टॅब पिशवीत घालून रोज घरी आणत होते आणि ओट्यावर एका बोर्डला लावून चार्ज करीत होते. रात्री पाणी प्यायला उठले की ते आठ लाल दिवे दिसायचे आणि उद्या वर्ग चालेल, एवढे समाधान वाटायचे. बावीस वर्षे मोठ्याने बोलून माझा घसा खराब झाला आहे आणि डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितले आहे. हे पाठ माझ्या मुलांचे होते, तसे ते माझ्या घशालाही आधार होते. हे लिहिताना मला रडू येत आहे आणि ते लपवावे असे वाटत नाही.

या पद्धतीला आधार नाही, असे कोणी आपल्याला सांगितले असेल तर ते खरे नाही. १९८४ साली बेंजामिन ब्लूम या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी मांडले की, एकट्याला शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील सुमारे ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. पुढच्या संशोधकांना इतका मोठा फरक आढळला नाही, पण एकेका मुलाकडे लक्ष दिल्याने फरक पडतो हे कोणी नाकारलेले नाही. २००४ साली सलमान खान नावाच्या अमेरिकेतील तरुणाने आपल्या नात्यातल्या एका बहिणीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली आणि पुढे त्यातूनच मोफत व्हिडिओ पाठांची खान अकॅडमी उभी राहिली. भावंडांना त्याच्याशी थेट बोलण्यापेक्षा त्याचा व्हिडिओ सोयीचा वाटला, कारण तो थांबवताना कोणाची भीड पडत नव्हती. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरील लाखो नोंदींच्या अभ्यासातून असे दिसले की, व्हिडिओ कितीही मोठा असला तरी पाहणाऱ्याचे लक्ष साधारणपणे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. ती तर स्वतःहून शिकायला आलेली मोठी माणसे होती. दहा वर्षांच्या मुलांसाठी चाळीस मिनिटे कोणत्या अभ्यासावरून ठरवली, हे कृपया जाहीर करावे.

महोदय, हे केवळ माझ्या आठ टॅबांपुरते नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शिक्षण पोहोचवले गेले आणि शेजारच्या कर्नाटकातली खेडीही त्यात होती. एका वर्षाने उपग्रह हलवला गेला आणि प्रयोग संपला. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. माझ्या पिढीने मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम पाहिले ते तिच्यामुळे. २०१७ साली ती बंद करण्यात आली आणि त्याच वर्षी ‘दीक्षा’ हे शिक्षणाचे नवे सरकारी ऑनलाइन व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. ती कल्पना रुजवणाऱ्यांपैकी एक रणजितसिंह डिसले हे आमच्याच जिल्ह्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिक्षक होते. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा आम्ही सर्व शिक्षकांनी पेढे वाटले होते. एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांकडे पाहून काही घडवले, म्हणून ते मोल जगाने मानले. आता त्याच जिल्ह्यात शिक्षकांना स्वतः तयार केलेले पाठ वर्गात वापरण्याची मनाई होते. दर काही वर्षांनी नवे यंत्र येते, उद्घाटन होते, जुने कपाटात जाते आणि त्या यंत्रावर जे शिकवणे उभे राहिले होते त्याची नोंद कोठेही राहत नाही, कारण यंत्राची नोंद साठा नोंदवहीत होते आणि शिकवण्यासाठी तशी नोंदवही नाही.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकत आलो आहोत. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करण्यास सांगितले आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. त्याच धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असेही आहे. माझ्या वर्गात ती मातृभाषा दोन आयांच्या आवाजातल्या एका वाक्याने आली होती आणि त्याला शासनाचा एक रुपयाही लागला नव्हता. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. गेल्या महिन्यात मी चौदा लिंका भरल्या. त्यांतल्या एकाही लिंकेत माझ्या मुलांना अपूर्णांक समजला का, हा प्रश्न नव्हता.

मी मागते आहे ते फार नाही. आमचे टॅब परत मिळावेत आणि जे बारा राहिले आहेत त्यांची तारीख लेखी कळावी. शिक्षकांनी तयार केलेल्या लहान पाठांवरची मनाई मागे घ्यावी. त्यांत चुका असतील तर त्या दाखवून द्याव्यात, मी आनंदाने सुधारीन. सोलापूरसारख्या शहरासाठी तेलुगू, कन्नड आणि उर्दूतून समजावलेले पाच-पाच मिनिटांचे पाठ इथल्याच शिक्षकांकडून करून घ्यावेत आणि ते इंटरनेटशिवाय चालावेत, कारण आमच्या मुलांच्या घरी एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर मागावर असतो. किती मुलांनी पाहिले याचे फोटो मागवण्याऐवजी कोणते मूल कोठे थांबले, हे विचारावे. ती माहिती माझ्याकडे एकेचाळीस वह्यांच्या समासांत आहे आणि आपण कोणालाही पाठवले तरी मी ती दाखवीन.

सोमवारी शाळा भरली तेव्हा तो टॉवेलवाला मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. गुरुवारी तो अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ पाहत होता आणि घंटा झाल्याने अर्धवट राहिला होता. समासात त्याने ३:१५ लिहिले होते आणि पुढे दोन रेघा मारल्या होत्या. टॅब नव्हता, आणि माझ्या फोनवर तो पाठ असूनही दाखवण्याची मला परवानगी नव्हती. ‘उद्या मिळेल का, टीचर?’ असे त्याने विचारले. त्याची वही मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. तीन मिनिटे पंधरा सेकंदांपाशी त्याला काय अडले आहे, ते मला पाहायचे आहे. आपले उत्तर लवकर यावे.

आपली विश्वासू,
पाचवीच्या वर्गाची शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर