मुलीचं गाव छापू नका, तिचा हक्क छापा

मा. संपादक,

‘अल्पवयीन मुलगी गर्भवती, तरुणाला अटक’ अशी चार ओळींची बातमी आपल्या जिल्हा पानावर अधूनमधून येते. मुलीचं नाव त्यात नसतं, पण गाव असतं, ती कितवीत आहे ते असतं, कधी बापाचा धंदाही असतो. दीडशे उंबऱ्यांच्या गावात तेवढं पुरतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ फक्त नाव छापायला मनाई करत नाही. पत्ता, शाळा, शेजार, ज्यावरून मुलगी ओळखू येईल असं काहीच छापता येत नाही. मी चंद्रपूर जिल्ह्यात ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. अशी बातमी आली की पुढचे काही महिने मायलेकी उपकेंद्राच्या वाटेला फिरकत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

धान कापणीचे दिवस होते. अंधार पडल्यावर एक बाई लेकीला घेऊन माझ्या मागच्या दाराने आली. “पोरीच्या पोटात गोळा झाला जी सिस्टर. गावात कोणाले सांगू नका.” हात लावला तर पाच महिने भरत आलेले. पोरीला दुसऱ्या महिन्यातच समजलं होतं, पण सांगणार कोणाला? मधल्या काळात कोणीतरी मेडिकलमधून आणून दिलेल्या गोळ्या तिने खाल्ल्या होत्या. आठ दिवस अंगावरून गेलं, गर्भ तसाच राहिला. हिमोग्लोबिन ६. तालुक्याला नेलं तर पोलीस केस म्हणून कोणी हात लावेना. जिल्ह्याला पोचेपर्यंत आणखी आठवडा गेला.

त्या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, डॉक्टरांनी तपासून द्यायच्या असतात. तिने घेतल्या तेव्हा ती मुदत कधीच उलटून गेली होती. आमच्या भागात पोरींचं रक्त आधीच कमी, त्यात पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. अशा अंगातून रक्त गेलं तर रुग्णवाहिका येईपर्यंत काय होईल, सांगता येत नाही.

गर्भपात कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. अल्पवयीन मुलीचा गर्भपात आता २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, त्यापुढे दोघांचं लागतं. पालकाची लेखी संमती हवी. पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि लोक इथेच माघारी फिरतात. पण सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितलं आहे की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरने त्या कळवण्यात तिचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. हे मी गावात सांगते तेव्हा बाया माझ्याकडे बघतच राहतात. काही डॉक्टरांनाही ते माझ्या तोंडून पहिल्यांदा कळलं. तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात हा नियम ठळक मराठीत लावलेला का नसावा?

गावात सगळं खापर मोबाइलवर फोडतात. मला ते पटत नाही. शिक्षण सुटलं की पोरगी उघड्यावर येते, हे मी मोबाइलच्या आधीपासून बघते आहे. आमच्याकडे बहुतेक गावांत शाळा सातवी-आठवीपर्यंत. पुढे हायस्कूल सात-आठ किलोमीटरवर, मधे जंगल, वाघाची भीती. मुलींना शाळेत नेणारी मानव विकास योजनेची निळी बस आली तर पोरगी शिकते. पावसाळ्यात रस्ता उखडला, बस फाट्यावरूनच वळायला लागली, की दिवाळीनंतर तिचं नाव पटावर उरतं आणि ती घरी. मग फेब्रुवारीत घरचे मिरची तोडायला तेलंगणात जातात. ती सोबत गेली तर दोन महिने शेतातल्या पालात, ना दार ना कडी. मागे राहिली तर आजीजवळ, आणि आजीला संध्याकाळनंतर दिसत नाही. लग्नाचं वचन देणारा असो की जबरदस्ती करणारा, माझ्याकडे आलेल्या मुलींच्या बाबतीत तो बहुतेक वेळा ओळखीतलाच निघाला.

अशा वेळी घरचे एकच उपाय जाणतात. पोट दिसायच्या आत लग्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायांपैकी २१.९ टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली त्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. खरा आकडा मोठा असावा असं मला वाटतं, आणि त्याचं कारण मी स्वतः आहे. अठराखालच्या बायकोशी संबंध हाही गुन्हा, असं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्यावर सासरचे म्हणू लागले, “सिस्टर, वय १९ लिहा.” मी दोनदा लिहिलं. नवरा तुरुंगात गेला तर या पोरीला कोण बघणार, एवढाच विचार केला. पण गरोदरपणाच्या कार्डावर १९ दिसलं की पुढे तिच्याकडे कोणी जोखमीची गरोदर म्हणून बघत नाही. त्यातल्या एकीला आठव्या महिन्यात झटके आले. कोवळ्या वयात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका जास्त असतो, हे मला माहीत होतं. तिचं बाळ पावणेदोन किलोचं झालं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुला-मुलींशी शरीराबद्दल मोकळेपणाने बोलून दाखवलं. आमच्या शाळांत पुस्तकातलं त्या विषयाचं पान मास्तर घरून वाचून यायला सांगतात. किशोरवयीन मुला-मुलींसाठीच्या सरकारी मैत्री क्लिनिकची पाटी ओपीडीच्या भर गर्दीत असते, तिथे पोरगी कशी थांबेल? ती खोली मागच्या बाजूला हवी आणि शाळा सुटायच्या वेळी उघडी हवी. मुलांनाही तिथे बोलवा.

त्या धान कापणीच्या दिवसांतली पोरगी वाचली. आता शिवणकाम करते. म्हणून हे पत्र छापताना खाली जिल्ह्याचंच नाव द्या, माझ्या गावाचं देऊ नका. ती अजून तिथेच राहते.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. चंद्रपूर