तिन्ही शांतींना वेळ द्या

संपादक महोदय,

‘शान्तिः शान्तिः शान्तिः असं तीनदा कशाला? एकदा म्हटलं तर देवाला ऐकू जात नाही का?’ असं एका वाचकाने आपल्या पत्रसदरात विचारलं आहे. प्रश्न खोचक आहे, पण आम्ही ज्या वेगाने ते शब्द उरकतो तो ऐकून कोणालाही तसंच वाटेल.

मी डोंबिवलीतल्या एका महिला मंडळात अथर्वशीर्ष म्हणते. एकवीस आवर्तनं असली की ‘भद्रं कर्णेभिः’ हा शांतिमंत्र आरंभी एकदा, मग मधला भाग पुन्हा पुन्हा, फलश्रुती शेवटच्या आवर्तनाला आणि मग परत शांतिमंत्र. तोवर निम्म्या जणी गुडघे धरून उठायच्या बेतात, कोणी कापूर शोधतेय, कोणाचं लक्ष प्रसादाच्या डब्याकडे. तिन्ही शांती एका दमात, लोकल सुटत असल्यासारख्या.

खरं तर त्या तीन वेगळ्या मागण्या आहेत. आपल्याकडे ताप, म्हणजे दुःखंच, तीन मानली आहेत. सांख्य तत्त्वज्ञानाचा जुना ग्रंथ, ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका, सुरूच होते ती ‘दुःखत्रया’पासून. आध्यात्मिक ताप आपल्याच शरीरातून आणि मनातून उठतो: सांधेदुखी, मत्सर, रात्री दोनला टक्क जागं ठेवणारी काळजी. आधिभौतिक ताप इतर जिवांकडून येतो, म्हणजे विंचू, डास, चोर आणि शेजारीसुद्धा. आधिदैविक कोणाच्याच हातातला नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री कोणी ऑफिसात अडकलं, कोणी रुळांवरून चालत घर गाठलं, त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

दासबोधात तिसऱ्या दशकाच्या सहाव्या ते आठव्या समासात हेच तीन ताप आहेत. मात्र समर्थ आधिदैविकात मरणानंतरची यमयातना धरतात. यावरून आमच्या मंडळात चांगलीच जुंपली होती. प्रार्थनेपुरता मला पूर-भूकंपाचाच अर्थ पटतो. कारण शुक्ल यजुर्वेदातला ‘द्यौः शान्तिः’ मंत्र पाहा: आकाश, अंतरिक्ष, पृथ्वी, पाणी, औषधी, वनस्पती अशी एकेकाचं नाव घेत शांती मागितली आहे. तो शब्द त्या एका मंत्रात बारा वेळा येतो. तिथे पुनरुक्ती कोणाला खटकत नाही, कारण बहुतेक ठिकाणी शांतीच्या आधी कोणाचं ना कोणाचं नाव येतं. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो त्या तिन्हींत नावं गाळलेली आहेत, एवढाच फरक.

तिन्हींचा क्रम कोणी कसाही लावो, मला अडवते ती आधिभौतिक. पाऊस माझं ऐकणार नाही, गुडघाही फारसं ऐकत नाही. पण इतरांकडून होणाऱ्या तापात मी स्वतःही ‘इतर’ आहेच की! शाळेत डबा उघडण्याआधी म्हटला जाणारा ‘सह नाववतु’ मुळात गुरू-शिष्यांचा आहे. त्यात शेवटी मागणं काय, तर आम्हा दोघांत द्वेष नको. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांनाही हे मागावं लागलं, मग आपल्या चार मजल्यांच्या सोसायटीचं काय?

लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची. उत्सवात सरकार काही दिवस बारापर्यंत सूट देतं, ती निराळी. आमची आवर्तनं सकाळी साडेसहाला माइकवरून होतात. नियमात बसतं, पण वरच्या मजल्यावरचा मुलगा रात्रपाळी करून तेव्हाच झोपलेला असतो. माइक नको, असं मी सुचवलं तर ‘आता देवाच्या कामातही आडकाठी?’ असं ऐकावं लागलं. आणि त्याच बैठकीचा शेवट शांतिमंत्राने झाला!

पत्रलेखक महाशयांना हवं तर त्यांनी एकदाच म्हणावं. तीनपैकी कोणती ठेवायची ते मात्र त्यांनीच ठरवावं. गणपतीच्या तयारीला लागलेल्या मंडळांना माझी विनंती आहे की एकवीसच्या जागी अकरा आवर्तनं झाली तरी चालतील. वाचलेला वेळ शेवटच्या तीन शब्दांना द्या, प्रत्येकानंतर एक पूर्ण श्वास. आणि तेवढ्यापुरता तरी माइक बंद.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)