रॅक भरणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

ताई, नमस्कार.

हे पत्र हातात दिलं असतं तर "असू दे रे, तुझा फोन वाजतोय बघ" म्हणत तुम्ही ते एप्रनच्या खिशात कोंबलं असतं आणि पुढचा खोका फोडायला घेतला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते एकट्याने दाबून ठेवण्यासारखं नाही. ऑर्डर कशा वाढवायच्या यावर आमच्यातली अर्धी मंडळी रोज डोकं खाजवत असतात.

वाचणाऱ्यांना आधी ओळख करून देतो. या ताई डिलिव्हरीच्या धंद्यात नाहीत. त्या सुपरमार्केटमध्ये रॅक भरतात, एक्सपायरी तपासतात, भावाच्या पट्ट्या बदलतात. मी किराणा पोचवतो. ॲपवर ऑर्डर आली की दुकानात जायचं, यादीतला माल स्वतः काढायचा, बिल करायचं आणि घरपोच द्यायचा. पगार नाही, जेवढ्या ऑर्डर तेवढी कमाई.

बाहेर पार्किंगमध्ये आमच्या गप्पा ठरलेल्या असतात. कुठला झोन गरम आहे, कुणाला इन्सेन्टिव्ह मिळाला, कुणाचा फोन जास्त वाजतो, नवा आयडी काढला तर फरक पडतो का. ताई, तुम्ही यातलं काहीच विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "एका ऑर्डरला दुकानाच्या आत किती वेळ जातो तुझा?" हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता. आमचं सगळं लक्ष रस्त्यावर असतं.

मग तुम्ही खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडून दाखवलात. पाच किलोमीटरचं अंतर ताशी 40 ने साडेसात मिनिटांचं, ताशी 50 ने सहा मिनिटांचं. गाडी हाणून वाचली किती, तर दीड मिनिटं. ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे 40 चे 50 केले की ते दीडपटीच्याही वर जातं. वर तुमचा शेरा: "दीड मिनिट तर तू साबणाच्या रॅकसमोर नुसता उभा असतोस." पुढचं सगळं या एका वाक्यातून निघालं.

पहिला धडा चालण्याचा. यादी वरून खाली वाचत माल काढला की माणूस दुकानात नुसता येरझाऱ्या घालतो. काही ॲप रॅकच्या क्रमाने यादी लावून देतात, पण रॅक हलवली की ती यादी शिळी होते, आणि रॅक हलवणाऱ्या तुम्हीच! तुमचा क्रम सोपा होता. जड आणि कोरडं सामान आधी, म्हणजे ते ट्रॉलीच्या तळाशी बसतं. मग भाजी-फळं. मग दूध-दही. फ्रीझर अगदी शेवटी, बिलिंगला वळायच्या आधी. अंडी आणि ब्रेड वर, आणि फिनेल-ब्लीचची पिशवी खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी. यात चालणं वाचतंच, पण खरं कारण गारव्याचं आहे. साधारण 4 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून नाशवंत माल फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर 32 अंशांच्या वर ऊन असेल तर एक तासच, असा अन्नसुरक्षेचा नियम सांगतात. ते घड्याळ ट्रॉलीत माल टाकल्यापासून सुरू होतं, हे तुम्ही माझ्या डोक्यात पक्कं बसवलंत. तोवर आम्ही सगळे ते गाडीच्या किल्लीपासून धरायचो. थंड राखणारी पिशवीदेखील माल थंड करत नाही, आहे तेवढा गारवा टिकवते. त्यामुळे वितळायला लागलेलं आइस्क्रीम तिच्यात टाकून काही साधत नाही.

बारकोडचा धडा मला सगळ्यात आवडला. फ्रीझरमधल्या चुरगळलेल्या, दव साचलेल्या पाकिटाचा बारकोड स्कॅन होत नाही आणि मागे रांग तुंबते, हे आमचं रोजचं रडगाणं. तुम्ही म्हणालात, पुसून बघ, पाकीट ताणून बघ, आणि तरी जमलं नाही तर खालचे 13 आकडे हाताने टाक. शेवटचा आकडा आधीच्या बाराच्या हिशेबातून आलेला असतो. एखादा आकडा चुकला तर हिशेब जुळत नाही आणि मशीन नंबर घेत नाही, त्यामुळे भलत्याच वस्तूचं बिल व्हायची भीती जवळपास नसते. तोच साबण मोठ्या आणि छोट्या आकारात असेल तर पाकिटाच्या रंगावर जाऊ नये, शेवटचे चार-पाच आकडे ताडून बघावेत, हेही त्यातलंच. आणि 2 ने सुरू होणारा बारकोड दिसला तर तो बहुतेक दुकानातच वजन करून छापलेला असतो. त्यात त्या पुडीचं वजन नाहीतर किंमत भरलेली असते, म्हणून तो दुसऱ्या पुडीशी जुळायची अपेक्षाच ठेवायची नाही. फळांवरच्या बारीक चिकटीचे आकडे तर मी आयुष्यभर सोलून फेकून दिले. केळ्यावरचा 4011 जगभर केळ्याचाच, आणि पुढे 9 लागून पाच आकडी झाला तर ते सेंद्रिय. काट्यापाशी नाव शोधत बसण्यापेक्षा चार आकडे दाबले की काम झालं.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला कदाचित उघड सांगितलेली आवडणार नाही. रॅक भरताना नवा माल मागे जातो आणि जुना पुढे येतो, म्हणजे जुना आधी खपतो. दुकानाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण ज्या घरी दूध आठवडाभर पुरवायचं आहे तिथे पुढचीच पिशवी नेली तर ग्राहक तारीख बघतो आणि नाराज होतो. तुम्ही सांगितलंत की मागचं काढ, पण पुढची ओळ जशी होती तशी लावून ठेव. मी तसंच करतो. घाईत ओळ उधळून जाणारे भेटले की आता माझ्याच कपाळावर आठी पडते.

माल नसला की काय करायचं, यात तर तुमचा हात कुणी धरू शकत नाही. ॲप म्हणतं शिल्लक आहे, रॅक रिकामी. आम्ही ॲपला शिव्या घालतो. तुम्ही कारण सांगितलंत: संगणकातला आकडा बिल झाल्यावर कमी होतो. दुकानात फिरणाऱ्या लोकांच्या ट्रॉल्यांमधला माल त्याला अजून रॅकवरच दिसतो. फुटलेला, चोरीला गेलेला, भलत्या रॅकवर टाकून दिलेला मालही कुणी नोंदवेपर्यंत तो शिल्लकच धरतो. म्हणून आधी ओळीच्या टोकाची मांडणी बघायची, मग परत आलेल्या मालाची ट्रॉली, आणि तिथेही नसेल तर एकदाच विचारायचं. तीनदा नाही. हे "तीनदा नाही" तुम्ही जरा जोरातच म्हणाला होतात.

आणि विचारायचं ते लवकर. ज्या वस्तू हमखास संपतात त्या रॅकवरून आधी नुसती नजर फिरवून यायचं. नसेल तर तिथूनच ग्राहकाला फोटोसकट निरोप टाकायचा, दोन पर्याय द्यायचे, आणि बाकीचा माल काढायला लागायचं. बिलिंगला पोचेपर्यंत उत्तर आलेलं असतं. आमच्यातले बरेच जण हा निरोप काउंटरपाशी पोचल्यावर टाकतात आणि मग उत्तराची वाट बघत रांग सोडून उभे राहतात. काही वस्तूंना तुम्ही पर्यायच ठेवला नाहीत. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर, ॲलर्जीवाल्यांचं खाणं, प्राण्यांचं डॉक्टरांनी ठरवून दिलेलं खाद्य. उत्तर आलं नाही तर या वस्तूंचे पैसे परत, अंदाजाने बदल नाही. पहिल्यांदा मला हे जरा कडक वाटलं होतं. आता वाटत नाही.

या सगळ्याने ऑर्डर कशा वाढल्या, असं कुणी विचारेल. कुठली ऑर्डर कुणाला द्यायची याचं गणित कंपन्या पूर्ण उघड करत नाहीत, पण बाहेरून दोन गोष्टी दिसतात. दुकानाच्या जवळ आणि मोकळा असलेल्याला आधी संधी मिळते, आणि बऱ्याच ठिकाणी चांगल्या रेटिंगवाल्याला वरचा नंबर मिळतो. आतला वेळ कमी झाला की मी लवकर मोकळा होतो. माल बरोबर गेला, बदल विचारून केला, की तारे आपोआप येतात. एवढंच आहे ते. नवा आयडी वगैरे भानगडीत मी पडलो नाही, कुणी पडू नये.

फोनबद्दलचं मात्र माझं मी शोधलं, त्याचं श्रेय तुम्हाला देत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतं. काँक्रीटच्या छताखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये ते भरकटतं आणि ॲपला आपण पलीकडच्या रस्त्यावर आहोत असं वाटू शकतं. म्हणून वाट बघायची ती तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, दाराशी. बॅटरी वाचवणारा मोड बंद ठेवायचा, कारण तो ॲपला मागच्या मागे झोपवतो आणि ऑर्डर आल्याचं कळतच नाही.

ऑर्डर घ्यावी की सोडावी, याचाही हिशेब तुमच्यामुळे बदलला. आम्ही वरची रक्कम बघायचो. तुम्ही म्हणालात, वस्तू किती ते बघू नको, नग किती ते बघ. यादीत सहा ओळी दिसतात आणि त्यातली एक म्हणजे लिटरच्या 24 बाटल्या. पाण्याचंच वजन 24 किलो झालं, जिने वेगळेच. दुसरीकडे तीस ओळींची यादी एकाच रॅकच्या आसपासची असेल तर पटकन उरकते. तुम्ही रोज तेच खोके उचलता, म्हणून तुम्हाला वजन डोळ्यांनी कळतं. मी त्यात परतीचं अंतर जोडलं, कारण लांबच्या पत्त्यावरून रिकामं यावं लागलं तर तो वेळही त्याच ऑर्डरच्या खात्यात धरायला हवा. मिळणारे पैसे भागिले एकूण तास, हाच आकडा मी आता बघतो. आणि एकदा घेतलेली ऑर्डर शक्यतो सोडत नाही. न घेणं एक वेळ चालतं, घेऊन सोडलेली जास्त नडते.

वेळेचं तर तुम्ही फुकट पंचांगच दिलंत. संध्याकाळी कामावरून परतणारे, सुट्टीची सकाळ, सणाचा आदला दिवस, पाऊस, यांवेळी ऑर्डर वाढतात हे कुणीही सांगेल. पावसात तर ऑर्डर वाढतात आणि आमच्यातले घरी थांबतात. पण गाडीतून माल कधी उतरतो आणि रॅक कधी भरून होते, हे तुम्हालाच ठाऊक. गर्दीच्या थोडं आधी, भरलेल्या रॅकसमोर काढलेली ऑर्डर विनातक्रार पूर्ण होते. तीच गर्दी ओसरताना घेतली की निम्मी यादी "नाही, नाही" करत जाते.

एक गोष्ट मला खटकते, ती लिहितोच. ग्राहक तारे मला देतो. केळी छान निवडली, तारीख लांबची होती, बदल विचारून केला, असं लिहितो. तुमचं नाव त्या ॲपमध्ये कुठेच नाही, आणि माझ्यासारख्यांना उत्तरं देण्यात गेलेला वेळ तुमच्या शिफ्टमधून कुणी वजा करत नाही. रॅक मात्र वेळेत भरलेली लागते. म्हणून वाचणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, एवढं करा. ताईंच्या हातात खोका असताना प्रश्न विचारू नका. ट्रॉली त्यांच्या शिडीला लावू नका. नको झालेलं फ्रोजन पाकीट बिस्किटांच्या रॅकवर टाकू नका. तो माल नंतर फेकावाच लागतो, आणि फेकणारे हात यांचेच असतात.

ताई, मनापासून आभार. एक विचारायचं होतं. कपड्यांच्या पावडरीची रॅक परत हलवणार आहात असं कानावर आलंय. कुठे नेताय ते आधी मला सांगा, बाकीच्यांना सावकाश कळू दे.

तुमचा आभारी,
मागचं दूध काढून पुढची ओळ नीट लावणारा