पोच घ्यायला विसरू नका

१९ एप्रिल

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "अगं, घरमालक जिन्यात भेटले होते, घर सोडतोय हे सांगून टाकलंय त्यांना. आता आणखी काय लिहायचं?" तेव्हा मी गप्प बसले. आईच्या गुडघ्यांसाठी एकदाचं तळमजल्याचं घर मिळालं, त्या आनंदात तुम्ही दोघं होतात आणि मला त्यावर विरजण घालायचं नव्हतं. पण रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. म्हणून सविस्तर लिहिते. घरमालकांना लेखी नोटीस द्या, आणि ती याच महिन्यात द्या.

असं लेखी देणं तुम्हाला परकेपणाचं वाटतं, हे मला कळतं. २२ वर्षांत भाडं एकदाही थकलं नाही, कधी चढ्या आवाजात बोलणं झालं नाही. पण बाबा, तुमची डायरी आठवा. दर महिन्याला भाडं दिलं की त्या पानावर थोरल्या मालकांची सही. शेवटची दोन वर्षं त्यांचा हात थरथरायचा, तेव्हाची ती ओळीबाहेर घसरलेली सहीसुद्धा त्यात आहे. ती तुम्हीच घेत होतात ना? न चुकता? तुमचा माझ्यावर विश्वास नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत. नोटीस म्हणजे त्याच डायरीचं शेवटचं पान आहे.

एक गोष्ट तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. सहा वर्षांपूर्वी मी पहिलं भाड्याचं घर सोडलं तेव्हा मीही फोनवरच सांगितलं होतं. मालक म्हणाले, "चालेल, काही हरकत नाही." महिन्याभरानं चावी द्यायला गेले तर म्हणाले, "तुम्ही मला गेल्याच आठवड्यात सांगितलंत." माझ्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. डिपॉझिटमधून पूर्ण महिन्याचं भाडं कापलं गेलं. ते खोटं बोलत होते असं मला अजूनही वाटत नाही, बहुधा विसरले असावेत. पण त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, आणि रात्री तुमचा फोन आला तेव्हा "सगळं नीट झालं" म्हणाले. तुम्हाला काळजी नको म्हणून. तुमच्या बाबतीत तसं काही झालेलं मला सहन होणार नाही.

आता मुद्द्याचं. कपाटातल्या निळ्या फायलीत करार आहे, तो काढा आणि नोटिशीचं कलम वाचा. किती मुदत, लेखी हवी का, कोणत्या पत्त्यावर द्यायची, हे तिथे असतं. करार जुना झाला, मुदत केव्हाच संपली, म्हणून आता नोटिशीची गरज नाही असं समजू नका. आपण दर महिन्याला भाडं देतो आणि ते घेतात, म्हणजे भाडेकरूपण चालूच आहे, आणि सोडताना आधी कळवणं जवळपास सगळीकडे लागतंच.

मला आठवतं त्याप्रमाणे आपल्या करारात "पूर्ण एक महिना" असं आहे. हे शब्द नीट बघा, कारण यातच लोक फसतात. ३० दिवस म्हटलं असेल तर नोटीस पोचल्यापासून दिवस मोजायचे. पण पूर्ण महिना म्हटलं असेल आणि भाडं १ तारखेपासून धरलं जात असेल, तर मोजणी बहुधा पुढच्या १ तारखेपासून सुरू होते. म्हणजे ३१ मेला घर सोडायचं तर नोटीस ३० एप्रिलपर्यंत त्यांच्या हातात पडायला हवी. ३ मेला पोचली तर जूनचंही भाडं अंगावर येऊ शकतं. तीन दिवसांच्या उशिरानं एक महिना जातो. आणि लिहिली कधी याला महत्त्व नाही, मिळाली कधी ते धरतात.

मात्र त्याआधी नव्या घराचा करार सह्या होऊन हातात येऊ द्या. तोंडी "घर तुमचंच" यावर जाऊ नका. एकदा नोटीस दिली की ती मागे घेणं आपल्या एकट्याच्या हातात राहत नाही, मालकांची संमती लागते. तोवर त्यांनी दुसऱ्या कुणाला शब्द दिला असेल तर? नवा करार ३० तारखेच्या आत झालाच नाही, तर एक महिना दोन्हीकडचं भाडं गेलं तरी चालेल. त्याची सोय मी करते. पण डोक्यावर छप्पर नाही अशी वेळ तुमच्यावर या वयात येऊ द्यायची नाही.

नोटीस कुणाच्या नावानं, हा प्रश्न आपल्याकडे खरा आहे. करारावर थोरल्या मालकांचं नाव आहे, ते आता नाहीत, भाडं धाकटे मालक घेतात. तेव्हा धाकट्यांच्या नावानंच लिहा, पण घर आता आणखी कुणाकुणाच्या नावावर झालंय का ते विचारा, आणि असेल तर त्यांनाही एकेक प्रत द्या. आणि आई, करारावर तुझंही नाव आहे. सही दोघांची लागेल. "हे बघतील ते" म्हणून सोडून देऊ नकोस, तू स्वतः वाचून सही कर.

मजकूर अगदी थोडका ठेवा. मी लिहून देते:

"आपल्या मालकीच्या घरात आम्ही भाड्याने राहतो. करारानुसार एक महिन्याची पूर्वसूचना देऊन कळवतो की आम्ही ३१ मे रोजी घर रिकामं करून ताबा आपल्याकडे देऊ. त्याआधी सोयीच्या दिवशी आपण घर पाहून घ्यावं. अनामत रक्कम परत देण्याबाबत आणि पुढच्या पत्रव्यवहारासाठी आमचा नवा पत्ता खाली दिला आहे."

वर तारीख आणि या घराचा पूर्ण पत्ता, खाली दोघांच्या सह्या. बस. कारण लिहायची गरज नाही. न्हाणीघरातली गळती, खिडकीची फुटकी काच, यातलं काही यात घालू नका. दोन प्रती काढा. एक त्यांना द्यायची, दुसरीवर "मिळाली" असं लिहून तारखेसह त्यांची सही घ्यायची. ही पोच सगळ्यात महत्त्वाची. सही द्यायला ते कचरले तर वाद घालू नका, पोच मिळेल अशा टपालानं पाठवू. शिवाय मी मोबाइलवर फोटोही पाठवीन आणि त्यांचं उत्तर जपून ठेवीन.

काल बाबा असंही म्हणाले की मेचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला सांगू. तसं नको. डिपॉझिट नुकसान आणि थकबाकीसाठी ठेवलेलं असतं, त्यांनी लेखी कबूल केल्याशिवाय भाडं म्हणून धरता येत नाही. मेचं भाडं नेहमीसारखंच द्या.

त्या खिडकीच्या काचेचं मात्र मनावर घ्या. वादळात तडकली तेव्हा बाबांनी तोंडी सांगितलं होतं, आता ते कुणाला आठवणार? निघायच्या दोन आठवडे आधी धाकट्यांना बोलावून त्यांच्यासोबत सगळं घर फिरून बघू, म्हणजे काही दुरुस्त करायचं निघालं तर वेळ हाताशी राहील. रंग विटला, फरशी झिजली, हे २२ वर्षांच्या वापरानं होणारच, ते नुकसान नव्हे. पण आईनं भिंतीला ठोकून घेतलेली फळी काढली की भोकं दिसतील, ती बुजवून द्यावी लागतील. फळी राहू द्यायची असेल तर तसं त्यांना आधी विचारू.

घर दाखवायला ते कुणाला आणतील. येण्याआधी एक दिवस कळवा आणि दुपारी नको, एवढं मोकळेपणानं सांगा. आईची दुपारची झोप मोडता कामा नये.

शेवटच्या दिवशी मी असेनच. रिकाम्या खोल्यांचे फोटो, विजेच्या मीटरचा आकडा, चाव्या किती दिल्या त्याची सहीची नोंद, हे सगळं माझ्याकडे सोडा. बँक आणि टपालाचा पत्ता बदलायचंही मी बघते.

शनिवारी सकाळी येते. तोवर करार शोधून ठेवा आणि धाकट्यांना रविवारी घरी असाल का, एवढंच विचारा. आपण तिघंही जाऊ, नोटीस हातात देऊ आणि थोरल्यांची आठवणही काढू. बाबा, डायरी बरोबर घ्या. पोच तिच्यातच चिकटवू.

तुमची,
लेक